रात्री बॅटरीचे पस्तीस टक्के कुठे जात होते? (दहा महिन्यांच्या वापरानंतर)

फोन घेतला मागच्या डिसेंबरात. सतरा हजारांच्या आतला, ५००० एमएएचची बॅटरी, दोन सिम, फाइव्ह-जी. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. ज्या दुखण्याबद्दल लिहायला बसलोय ते बरंचसं त्या फोनचं नव्हतंच, आणि हे कळेपर्यंत मी दोन-अडीच महिने त्याला शिव्या घालत होतो.

आमचं घर देवगड तालुक्यात, खाडीच्या काठाला. मागे उभी घाटी, तिच्यावर सडा, म्हणजे कातळाचं पठार, पुढे माड आणि पाणी. भिंती चिऱ्याच्या, चांगल्या जाड. मोबाईलची रेंज पडवीच्या एका कोपऱ्यात येते, ती पण ओहोटी-भरतीसारखी. बोलायचं असलं की माणूस आपसूक त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. फोन मात्र रात्री माझ्या उशाशी, आतल्या खोलीत.

पहिले दोन महिने तक्रार नव्हती, कारण फोन रात्रभर चार्जरला लटकलेला असायचा. फेब्रुवारीत भाचा आला आणि म्हणाला, "मामा, रातभर चार्जिंगक लावून ठेवू नको, बॅटरी लवकर म्हातारी होता." बरोबरच होतं त्याचं. लिथियमची बॅटरी शंभर टक्क्यांवर तासन् तास बसली, वर उकाडा असला, की लवकर दमते. म्हणून झोपताना पिन काढायला लागलो. पहिल्याच दिवशी रात्री साडेदहाला ९२ टक्के, सकाळी सहाला ५७. हात लावलेला नाही, स्क्रीन बंद.

मनातल्या मनात हिशेब केला. ५००० चे पस्तीस टक्के म्हणजे १७५० एमएएच, साडेसात तासांत. सरासरी सव्वादोनशे मिलीअँपिअरच्या वर. एवढ्यात माणूस आरामात व्हिडिओ बघेल. आई म्हणाली, "तुझो फोन रातभर जागोच आसता काय रे?" मी हसण्यावारी नेलं. निदान तिचंच अचूक होतं, हे पुढे कळलं.

मग सुरू झाले घरगुती उपाय. सगळी उघडी ॲप वर सरकवून बंद करायची सवय लावून घेतली. उपयोग शून्य, कारण बरीचशी ॲप परत स्वतःहून उठतात आणि उठायला पुन्हा बॅटरी खातात. फोन साफ करणारं एक ॲप घातलं, तेच बॅटरीच्या यादीत तिसऱ्या नंबरवर दिसायला लागलं. तीन दिवसांत काढून टाकलं. बॅटरी सेव्हर लावला तर पाच-सहा टक्के वाचले, पण मेसेज उशिरा यायला लागले. आंब्याच्या दिवसांत गाडीवाल्याचा मेसेज उशिरा आला तर पेट्या रस्त्यावर बसतात. सेवा केंद्रात गेलो, पूर्ण दिवस मोडला. तिथल्या पोराने फोन उघडूनही न बघता "फॅक्टरी रीसेट मारा" म्हणून सांगितलं. मारला. बँकेचं ॲप, यूपीआय, सगळं नव्याने बसवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. त्या रात्री गेले ३४ टक्के. एक टक्का कमावला म्हणायचं.

एवढं सगळं केलं, पण बॅटरीच्या पानावर सगळ्यात वर काय लिहिलंय ते नीट वाचलं नव्हतं. 'मोबाइल नेटवर्क' असा शब्द रोज पहिल्या-दुसऱ्या नंबरला दिसायचा. ते ॲप नव्हे, म्हणून मी सोडून देत होतो.

उलगडा झाला एप्रिलात. काढणी सुरू झाली की आम्ही आळीपाळीने सड्यावरच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, झोपतो, राखणीला. वानर दिवसा येतात, माणसं रात्री. वर वीज नाही, म्हणून मी पॉवर बँक घेऊन गेलो होतो. तिची गरजच पडली नाही. रात्री ८८, सकाळी ८३. दुसऱ्या रात्रीही तसंच. तिसऱ्या रात्री खाली घरी झोपलो आणि परत ३६ गेले. फोन तोच, ॲप तीच, माणूस तोच. बदलली ती जागा. सड्यावरून समोरचा टॉवर डोळ्यांना दिसतो, घरातून समोरचा डोंगरही दिसत नाही.

भाच्याने सांगितलेला नंबर फिरवला: *#*#४६३६#*#*. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये याने एक चाचणीचं पान उघडतं, त्यात सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका बरा. मांगरात उणे ८८ आला. घरात उशाशी उणे ११८. तीस डेसिबेलचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण हे माप दहाच्या पटीत चढतं. दर दहाला दहापट, म्हणजे तीसला हजारपट. उशाशी फोनला मांगरातल्या सिग्नलचा हजारावा हिस्सा पोचत होता.

यात बॅटरी कशी जाते, हे मला वाटतं नीट सांगायला हवं, कारण सगळे ॲपच्याच मागे लागतात. झोपलेला फोनसुद्धा दर एक-दोन सेकंदांनी कान टवकारून टॉवरचं ऐकतो, कोणी बोलावतंय का म्हणून. रेंज चांगली असली की हे काम क्षणात उरकतं. रेंज मरतुकडी असली की तो आजूबाजूचे टॉवर मोजत बसतो, एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो, उडी मारताना टॉवरांचा टापू बदलला की नव्या टॉवरला 'मी इथे आहे' कळवतो. आणि कळवताना ओरडून कळवतो, कारण दूरच्या टॉवरला ऐकू जायला फोर-जीचा फोन साधारण २०० मिलीवॉटपर्यंत ताकद लावतो. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे सहाव्या आवृत्तीपासून, 'डोझ' नावाची सोय आहे. फोन न हलता पडून राहिला की ती ॲपना झोपवते आणि मधूनमधूनच उठू देते. पण डोझ ॲपना झोपवते, रेंज शोधणाऱ्या भागाला नाही.

मग रोज रात्री एकच गोष्ट बदलायची आणि पेट्यांच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर आकडा लिहायचा, असं ठरवलं. एका रात्री तीन गोष्टी बदलल्या तर काहीच कळत नाही. हे मी आधी करून चुकलो होतो. पहिल्या रात्री विमान मोड. ९१ ची ८९ झाली. एवढ्यावर खटला निकालात निघाला. बॅटरी धडधाकट होती, नेटवर्कशिवाय ती खाणारं कोणतंही ॲप नव्हतं. विमान मोडमध्येही वीस टक्के गेले असते तर मात्र मी सेफ मोडमध्ये फोन चालू केला असता, कारण तिथे आपण घातलेली ॲप बंद राहतात आणि दोष ॲपचा की फोनचा ते वेगळं होतं.

दुसऱ्या रात्री दुसरं सिम बंद केलं. ते मुंबईचं जुनं, ज्याला आमच्या वाडीत सिग्नलच नाही, फक्त बँकेच्या ओटीपीसाठी ठेवलेलं. रात्रभर ते बिचारं आपला टॉवर शोधत बसायचं. एका झटक्यात ३५ चे २१ झाले! मला विचाराल तर या लेखातली सगळ्यात कामाची ओळ हीच. कोकणातल्या किती फोनांत असं एक मुंबईचं सिम पडून असेल. आता ओटीपी लागला की तेवढ्यापुरतं चालू करतो.

नंतर फाइव्ह-जी बंद करून फोर-जीवर ठेवलं. १३ वर आलं. आमच्याकडे फाइव्ह-जी सड्यावर येतं, खाली त्याचा नुसता वास लागतो, आणि फोन त्या वासामागे रात्रभर धावतो. त्यानंतर पाळी बॅकअपची. व्हॉट्सॲपचा बॅकअप रात्री दोनच्या सुमाराला होतो आणि मी कधीतरी तो 'मोबाईल डेटावरही' करून ठेवला होता. फोटोंचंही तसंच. बागेतले फळांचे आणि डागांचे व्हिडिओ त्या मरतुकड्या रेंजवर चढत नव्हते, अर्ध्यात पडून पुन्हा पहिल्यापासून चालू होत होते. दोन्ही फक्त वाय-फायवर केलं. ९.

मे महिन्याच्या शेवटी फायबरची तार वाडीपर्यंत आली आणि मी वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वाय-फायवरून फोन करायची सोय, चालू केलं. ही सोय देशात २०१९ च्या अखेरीस आली, पण आमच्या वाडीत ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांतल्या निम्म्यांनी ती चालूच केलेली नाही. विमान मोड लावायचा, त्यावर वाय-फाय चालू करायचं. फोन येतात, जातात, आणि रात्रीत तीन-चार टक्क्यांवर काही जात नाही. लोकेशनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग असतं, तेही बंद केलं. माझ्या वहीत त्याने फरक पडलेला दिसला नाही, पण चालू ठेवायचं कारणही नव्हतं.

मला वाटलं विषय संपला. मग पाऊस आला.

जुलैत एका रात्री वीज गेली. वीज गेली की राउटर गेला, आणि विमान मोडमधला फोन म्हणजे दगड. त्या रात्री बहिणीने रत्नागिरीहून सहा वेळा फोन केला, शेवटी शेजाऱ्यांना उठवलं. आईने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा जागी पावसाळ्यात फोन मुका करून झोपणं हा शहाणपणा नव्हे. म्हणून पावसाळ्यात वेगळा बेत केला. विमान मोड बंद, एकच सिम, फोर-जी, वाय-फाय कॉलिंग चालू, आणि फोन उशाशी न ठेवता पडवीकडच्या खिडकीच्या कोनाड्यात. तिथे उणे १०६ येतो. राउटरला बाराशे रुपयांचा छोटा यूपीएस लावला, तो तीन-साडेतीन तास काढतो. वीज असली तर सात टक्के, नसली तर दहा-बारा. वीज फार वेळ गेली की टॉवरचीही बॅटरी उतरते आणि 'फक्त आपत्कालीन कॉल' दिसायला लागतं. तेव्हा मात्र सरळ विमान मोड. ज्या टॉवरात जीव नाही त्याला रात्रभर हाका मारण्यात अर्थ नाही.

आता फोनबद्दल, कारण अनुभव लिहायचा म्हटलं की तेही आलंच. स्क्रीन उन्हात बागेत वाचता येते, हे मोठं काम. कॅमेरा दिवसा ठीक, संध्याकाळी खाडीचं पाणी चिखलासारखं काढतो. खाऱ्या हवेत चार्जिंगच्या भोकात ओल आल्याची सूचना पावसात दोनदा आली. पुसून, पंख्याखाली तासभर ठेवून मग लावला. त्यात काडी घालू नये. ऑगस्टमध्ये सिस्टीमचं अपडेट आलं आणि दोन रात्री परत अठरा-अठरा टक्के गेले. घाबरलो होतो, पण अपडेटनंतर फोन सगळी ॲप नव्याने लावून घेतो, तेवढं चालतं. तिसऱ्या रात्री जाग्यावर आला. एक तक्रार खरीच कंपनीची: दुसरं सिम ठरलेल्या वेळी आपोआप बंद-चालू करायची सोय नाही, आणि बॅटरीच्या पानावर कुठल्या सिमने किती खाल्लं तेही दाखवत नाही. ते दाखवलं असतं तर माझे ते दोन-अडीच महिने वाचले असते.

गणपतीला घाटकोपरहून चुलत भाऊ आला, माझ्या फोनच्या चौपट किमतीचा फोन घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता म्हणाला, "गावच्या हवेत बॅटरी टिकत नाही बघ, ८० ची ४३." मी काही बोललो नाही. त्याची दोन्ही सिमं कुठल्या कंपनीची ते विचारलं आणि फोन उचलून कोनाड्यात, माझ्या फोनच्या बाजूला नेऊन ठेवला.