गन शोमधला बनावट स्कोप

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाणारं कुणी वापरलेला स्कोप (रायफलीवरची नेम धरायची दुर्बीण) घेणार असेल, तर रोख पैसे मोजण्याआधी हे वाचा. माझे ४२० डॉलर गेले. घासाघीस तिथे येऊन थांबली होती.

डेन्व्हरच्या आसपास भरणाऱ्या एका गन शोमधलं, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनातलं टेबल. विक्रेता साठीच्या पुढचा, बोलायला गोड. डोळे अधू झाले, आता डोंगर चढवत नाहीत, म्हणून सामान काढतोय म्हणाला. पुढ्यात ल्यूपोल्ड या नावाजलेल्या कंपनीचा ३-९×४० स्कोप, म्हणजे ३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं: खोका, पुस्तिका, पुढच्या भिंगाजवळचं ओळखीचं सोनेरी कडं, नळीवर क्रमांक, सगळं जागच्या जागी. पावती तेवढी नव्हती. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं. या कंपनीची हमी स्कोपला असते, मालकाला नसते. कितव्याही हातातला असू दे, पावती न मागता दुरुस्त करून देतात. हे अगदी खरं आहे. त्याच्या बोलण्यात तेवढंच खरं होतं आणि त्याच एका खऱ्यावर खोटा माल खपत होता.

शेजारच्या टेबलावर रायफल घ्यायची तर ओळखपत्र, अर्ज, पार्श्वभूमीची तपासणी. कोलोरॅडोत २०१३ पासून दोन खासगी माणसांमधल्या व्यवहारालाही ती लागते. स्कोप मात्र कायद्याने बंदूक नाही. कुणी कुणाचं नाव विचारत नाही, कागद होत नाही. ठकांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

चांदमारीवर पहिल्या दिवशी काही खटकलं नाही. माझी रायफल .३०-०६ या काडतुसाची, गोळी १८० ग्रेन वजनाची, १०० यार्डांवर भोकं दीड इंचात. मग हळूहळू ती पांगायला लागली. दोन इंच, चार इंच, पुढे सहा. अशा वेळी संशय स्कोपवर शेवटी जातो. आधी रिंगांचे स्क्रू आवळले. मग काडतुसांवर शंका, म्हणून दुसऱ्या कंपनीची महागडी आणली. मग वाटलं, धक्क्याच्या धास्तीने मीच ट्रिगर झटकतोय. शेवटी तिथल्या एका जुन्याजाणत्या माणसाने त्याच्या रायफलीवरचा साधा ४ पट स्कोप उतरवून माझ्या रायफलीवर चढवला. नेम बसवल्यावर भोकं पुन्हा दीड इंचात.

मग त्यानेच चौकोनाची चाचणी करायला लावली. एकाच ठिपक्यावर नेम धरून एक गोळी मारायची. मग स्कोपची नेम सरकवणारी कळ वरच्या दिशेने २० क्लिक फिरवायची, एक गोळी. उजवीकडे २०, खाली २०, डावीकडे २०, दर वेळी एक गोळी. एमओए हे कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच. पाव एमओएच्या क्लिकला १०० यार्डांवर २० क्लिक म्हणजे साधारण पाच इंच. चांगल्या स्कोपचा पाच इंचांचा चौकोन उमटतो आणि पाचवी गोळी पहिल्या भोकाशी परत येते. माझ्या स्कोपने काढलेल्या आकृतीला नाव देता येणार नाही. कितीही क्लिक फिरवा, गोळी कधी जागची हलत नव्हती, कधी पुढच्या बाराला एकदम उडी मारत होती.

स्कोप ओरेगॉनला कंपनीकडे पाठवला. उत्तर आलं: हा आमचा नाही, हमी लागू नाही. क्रमांक असल्याने काही सिद्ध होत नाही, छापणारा तोही छापतो. कंपनीने आपल्या नावाच्या नकली स्कोपबद्दल जाहीर इशारे दिले आहेत. यातले बरेच मुळात एअरसॉफ्टच्या खेळण्यातल्या बंदुकांसाठी ‘हुबेहूब’ म्हणून स्वस्तात विकले जातात. त्या बंदुकीला धक्काच नसतो, त्यामुळे नेम जागेवर धरून ठेवणारी आतली स्प्रिंग कशीही चालते. मधला कुणीतरी तोच स्कोप खोक्यात घालून खऱ्यापेक्षा कमी भावाला विकतो. भाव फार कमी ठेवत नाही, नाहीतर आपल्याला संशय येईल.

पैशांपेक्षा मला पुढचा हिशेब जास्त झोंबला. १०० यार्डांवर सहा इंचांचा फैलाव ३०० यार्डांवर अठरा इंच होतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, पण एवढ्या मोठ्या जनावराचाही वर्मी लागण्याचा भाग लहानच. पोटात गोळी लागलेला एल्क दाट झाडीत घुसतो आणि तासन्‌तास मरत राहतो. हे पाप त्या गोडबोल्याच्या खात्यात लिहिलं जात नाही.

गन शोच्या ट्यूबलाइटखाली जवळजवळ प्रत्येक स्कोप स्वच्छ दिसतो. शिकार तिथे नसते. कोलोरॅडोत सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी चालवता येते आणि एल्क कुरणात उतरतात ते याच कडेच्या वेळांना. भिंगाच्या व्यासाला पटीने भागा: ४० ला ९ ने भागलं तर डोळ्यापर्यंत ४.४ मिलिमीटरचा झोत येतो, ५ पटीवर ८ चा. अंधारात आपली बाहुली उघडते ती फार तर ७ मिलिमीटर, वय झाल्यावर त्याहूनही कमी. म्हणजे ९ पटीवर चित्र थोडं मंदावणार, हे चांगल्या स्कोपलाही चुकत नाही. पण ५ वर आणूनही झाडीची कड राखाडी दिसत असेल तर भिंगांवरचा लेप नावापुरता आहे. माझ्या स्कोपमध्ये ती तशीच दिसत होती. शिवाय थंडीतून घरात आणल्यावर धुकं आतल्या बाजूला धरायचं. बाहेरून धरलं तर पुसता येतं, आतून धरलं म्हणजे नळी हवाबंद नाही.

“तूही पुढे विकून टाक,” असा सल्ला देणारे भेटलेच. बनावट आहे हे माहीत असताना विकणं हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे, एवढं त्यांना सांगितलं. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक फसवणूक विभागात तक्रार केली, कंपनीचं पत्र जोडलं. पैसे परत मिळतील असं कुणी म्हटलेलं नाही. रोखीला माग नसतो. ॲपवरून दिले आणि त्यात ‘मित्र-नातेवाईक’ हा पर्याय निवडला, तरी खरेदीदाराचं संरक्षण मिळत नाही, तेव्हा विक्रेता तोच पर्याय निवडायला सांगत असेल तर चटकन उठा.

वापरलाच घ्यायचा असेल तर विक्रेत्याला एवढंच विचारा: पैसे देण्याआधी आपण दोघं चांदमारीवर जाऊन एक खोका काडतुसं उडवू या का? काडतुसांचा खर्च तुम्ही करा.