रखडलेला पुनर्विकास आणि हमी-सल्लागार : काही महिन्यांनंतरचा अनुभव

विकासकाने काम अर्धवट सोडले तेव्हा ठाण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेची इमारत नवव्या स्लॅबपर्यंत आली होती, सभासदांचे विकासकाकडून मिळणारे भाडे थकले होते आणि बँक हमीची (विकासकाने काम न केल्यास संस्थेला रक्कम देण्याच्या बँकेच्या लेखी वचनाची) मुदत संपत आली होती. अशा वेळी विशेष सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने आम्ही एक सल्लागार नेमले. हमीचा दावा उभा करणे आणि उरलेले बांधकाम पूर्ण करून घेणे, अशी दुहेरी जबाबदारी त्यांच्याकडे होती. आता त्यांच्या कामाबद्दल निश्चित मत देता येते.

पुनर्विकासासंबंधीच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार विकासकाने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी द्यायची असते. आमच्याकडे ती होती. मात्र हमीपत्र कपाटात असणे आणि त्याचे पैसे हाती येणे यांत मोठे अंतर आहे, हे सल्लागारांनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट केले. ‘मुदतवाढ द्या, अन्यथा रक्कम अदा करा’ असे पत्र त्यांनी ताबडतोब बँकेला पाठवायला लावले. मागणीपत्राचा मसुदा हमीपत्रातील शब्दांशी ओळीओळीने ताडून पाहिला. विकासकाशी झालेल्या पुरवणी करारांना बँकेची लेखी संमती होती का, हेही त्यांनी तपासले, कारण भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १३३ नुसार जामीनदाराच्या (येथे बँकेच्या) संमतीवाचून मूळ अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो मुक्त होतो. आमची हमी ‘मागणी करताच, कोणतीही हरकत न घेता’ देय असल्याने तिला तसा धोका कमी होता, तरीही वादाला जागा ठेवायची नाही, ही त्यांची भूमिका मला पटली.

सर्वांत मोलाचे काम मात्र जागेवर झाले. नव्या कंत्राटदाराला आत पाऊल टाकू देण्यापूर्वी त्यांनी विकासकाला नोटीस देऊन संयुक्त मोजणी ठेवली. तो आला नाही, तेव्हा पंचांसमक्ष मोजणी करून प्रत्येक मजल्याचे चित्रीकरण केले. नवव्या स्लॅबवर उघड्या राहिलेल्या कॉलमच्या सळ्यांचा गंज तारेच्या ब्रशने काढून त्यांचा उरलेला व्यास व्हर्निअरने मोजला. काही कॉलमचे काँक्रीट शंकास्पद वाटल्याने कोअर (चाचणीसाठी कापून घेतलेले दंडगोल नमुने) काढले. काँक्रीट एम-३० चे, म्हणजे ३० मेगापास्कल ताकदीच्या प्रतीचे होते. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे कोअरची सरासरी ताकद किमान २५.५ आणि कोणत्याही एका कोअरची २२.५ मेगापास्कल भरायला हवी. तळमजल्याचे दोन कॉलम त्यात बसले नाहीत, म्हणून त्यांच्या जॅकेटिंगचा (भोवती नवा थर देऊन बळकट करण्याचा) खर्च उरलेल्या कामाच्या अंदाजपत्रकात धरला गेला. नवे काम एकदा सुरू झाले असते, तर जुना दोष कोणाचा हे कोणालाच सिद्ध करता आले नसते.

हमीची रक्कम मिळाली, नवा कंत्राटदार निविदेतून आला आणि वरचे स्लॅब पडू लागले आहेत. त्याच्याकडून घेतलेल्या हमीत मुदत संपल्यानंतर दावा करण्याचा कालावधीही स्वतंत्रपणे लिहून घेतला आहे.

उणिवाही आहेत. अहवाल इतके तांत्रिक असतात की ज्येष्ठ सभासदांना ते समितीने समजावून सांगावे लागतात. थकीत भाड्याच्या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष फार उशिरा गेले, आणि आमच्यासाठी तो रोजच्या जगण्याचा प्रश्न होता. शुल्क दरमहा ठरल्यामुळे कामाला विलंब झाला तरी ते चालूच राहते. असे सल्लागार नेमू इच्छिणाऱ्या संस्थांनी शुल्क मोजणी, दावा, निविदा आणि भोगवटा प्रमाणपत्र या टप्प्यांना बांधून घ्यावे, आणि नेमणूक हमीची मुदत संपायला किमान काही महिने असतानाच करावी.