दुरुस्ती आधी की दुसरी बॉडी? छायाचित्रकाराने खर्च कशावर करावा

कॅमेऱ्यासाठी मोजकीच रक्कम हाताशी असताना ती कुरकुरणाऱ्या बॉडीच्या, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याच्या, दुरुस्तीवर घालावी की दुसरी बॉडी घेण्यावर, हा प्रश्न बहुतेक छायाचित्रकारांपुढे कधी ना कधी येतो. बरेच जण दोन्हींचा खर्च शेजारी-शेजारी मांडून निर्णय घेतात. माझ्या मते आधी पाहायचे ते हे, की आपण टिपत असलेला प्रसंग पुन्हा टिपता येण्यासारखा आहे का.

माझ्या मिररलेस कॅमेऱ्याचे शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पात्यांचा पडदा, एका समारंभात, भाषण ऐन रंगात आले असताना निकामी झाले. एक चित्र स्वच्छ आले आणि पुढच्या प्रत्येक चित्राचा खालचा भाग काळा येऊ लागला. बॅटरी काढून पुन्हा बसवली, पण फरक पडला नाही. लेन्स उतरवली तेव्हा शटरचे एक पाते तिरके होऊन चित्र टिपणाऱ्या सेन्सरसमोर अडकलेले दिसले. बॅगेत दुसरी बॉडी होती, म्हणून तीच लेन्स तिच्यावर चढवून काम पुढे नेता आले. पुढे दुरुस्ती उत्तम झाली, परंतु त्या संध्याकाळी तिचा काहीही उपयोग नव्हता.

शटर केव्हा जाईल हे आधी सांगता येत नाही. कॅनन ५डी मार्क फोरच्या शटरची क्षमता १,५०,००० आणि निकॉन डी८५०ची २,००,००० चित्रांची सांगितली जाते. मात्र हे आकडे चाचणीतले आहेत, हमीचे नव्हेत. काही शटर त्याच्या कितीतरी आधी बंद पडतात, तर काही त्यापुढेही बराच काळ चालतात.

दुरुस्तीची बाजू भक्कम आहे, हेही मान्य केले पाहिजे. हातात बसलेला कॅमेरा परत मिळतो आणि नवे काही शिकावे लागत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कंपनीचे मूळ सुटे भाग, जुळणीची योग्य साधने आणि सामान्यतः केलेल्या कामाची लेखी हमी मिळते. उलट अनेकदा एका बारीक केबलसाठी संपूर्ण जोडभागच बदलला जातो आणि खर्च वाढतो. स्वतंत्र कारागीर नेमकी तेवढीच केबल बदलून देऊ शकतो, पण त्याला भाग मिळाला तर. निकॉनने अमेरिकेत अनधिकृत दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग विकणे २०१२ मध्ये थांबवले आणि २०२० मध्ये तेथील अधिकृत बाहेरच्या दुरुस्ती केंद्रांशी असलेली व्यवस्थाही संपवली. त्यामुळे मॉडेल जुने असेल, तर कॅमेरा देण्यापूर्वी भाग उपलब्ध आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. बिघाड त्या मॉडेलचा मान्य झालेला दोष आहे का, हेही पाहावे. निकॉन डी६०० च्या सेन्सरवर डाग पडत असल्याच्या तक्रारींनंतर २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचेही शटर विनामूल्य बदलून दिले होते.

कॅनन, निकॉन आणि सोनी यांच्या व्यावसायिकांसाठीच्या सेवा योजनांत दुरुस्ती होईपर्यंत काही ठिकाणी वापरायला कॅमेरा मिळतो. ही सोय मोलाची आहे, तरी तो कॅमेरा बिघाडाच्या त्या मिनिटाला हातात येत नाही.

म्हणून समारंभ, खेळ किंवा वृत्तछायाचित्रण यांवर पोट असेल, तर आधी दुसरी बॉडी घ्यावी आणि दुरुस्ती नंतर करावी, असे मी ठामपणे सांगेन. वस्तूंची किंवा निसर्गाची छायाचित्रे सवडीने काढणाऱ्याने मात्र दुरुस्ती करून घ्यावी. दुसरी बॉडी त्याच्याकडे बहुधा कपाटातच पडून राहील.

दुसरी बॉडी नवी किंवा पहिल्याइतकी भारी असण्याची गरज नाही. वापरलेली चालते, फक्त शटर काउंट, म्हणजे तिच्यावर आजवर किती चित्रे काढली गेली तो आकडा, तपासून घ्यावा. माउंट (लेन्स बसवायची जोडणी), बॅटरी आणि कार्ड पहिल्या बॉडीचेच असावे, नाहीतर ऐन वेळी लेन्स एका कॅमेऱ्याची आणि बॅटरी दुसऱ्याची अशी अवस्था होते. पहिली बॉडी फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) आणि दुसरी एपीएस-सी (लहान सेन्सरची) असेल, तर २४-७० मिमीची लेन्स दुसरीवर साधारण ३६-१०५ मिमीसारखी दिसते, म्हणजे चौकटीत कमी दृश्य मावते. मोठा गट टिपताना ही अडचण जाणवते. दोन्ही बॉडींची घड्याळे सेकंदापर्यंत जुळवलेली असावीत, अन्यथा दोन्हीकडची चित्रे एकत्र करताना क्रम विस्कटतो. बिघाड लेन्समध्येही होतो, तेव्हा ५० मिमीची एक छोटी लेन्स सोबत असलेली बरी.

वर्षातून दोन-तीनच कामे घेणाऱ्याला भाड्याची बॉडी पुरेशी आहे. ती आदल्या दिवशीच ताब्यात घ्यावी, आपल्याच लेन्स आणि कार्डांवर शंभरेक चित्रे काढून पाहावी आणि फोकसची बटणे आपल्या सवयीप्रमाणे लावून ठेवावीत.