12 किलोची केटलबेल: नऊ महिन्यांनंतर

सिंहगड चढताना मला कधी त्रास झाला नाही. दम लागतो, तो लागायचाच. गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर पायथ्याच्या आतकरवाडीकडे उतरताना मात्र गुडघे असे लटपटायला लागले की शेवटचा टप्पा मी खेकड्यासारखी आडवी उतरले. वय 49, रोज 5 किलोमीटर चालणं, तरी ही गत.

माझी एक मैत्रीण फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली, "अगं, चढताना मांडीचा स्नायू आखडून तुला वर ढकलतो. उतरताना तोच ताणला जात असताना ब्रेकचं काम करतो. चालून तुझा दम वाढला, ब्रेक तसेच राहिले." म्हणून ही केटलबेल, म्हणजे वर कडीसारखी मूठ असलेला वजनाचा गोळा, घेतली. ओतीव लोखंडाची, 12 किलो, ऑनलाइन. घरच्या काट्यावर ती 11 किलो 700 ग्रॅम भरली. लोखंडातसुद्धा काटा मारतात!

सुरुवात वाईट झाली. व्हिडिओ बघून थेट स्विंग (केटलबेल पायांमधून मागे नेऊन पुढे झोकवणं) करायला गेले आणि दुसऱ्याच आठवड्यात कमरेत उसण भरली. पाच दिवस आडवी. नंतर मैत्रिणीने समोर उभं राहून शिकवलं: कमरेतून नाही, खुब्यातून वाकायचं, पाठ सरळ. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, पंचवीस मिनिटं. छातीशी धरून बैठका, जमिनीवरून उचलणं, एका हाताने ओढणं, आणि एकाच हातात घेऊन पॅसेजमध्ये फेऱ्या. या फेऱ्या दिसायला फालतू, पण एका बाजूला वजन असलं की शरीर सरळ ठेवायला पोट आणि पाठ दोन्ही राबतात. स्विंगला तिसऱ्या महिन्यापर्यंत हात लावला नाही.

पण खरा व्यायाम शिकवला तो खालच्या मजल्यावरच्या काकूंनी. मी प्रत्येक वेळी केटलबेल धप्पकन टेकवायची. आठव्या दिवशी त्या वर आल्या, "काय गं, घरात उखळ आणलंस का?" चटई घातली, तरी आवाज जाईना. मग चार आकडे मोजत खाली आणायला लागले. उचलण्यापेक्षा ते अवघड निघालं. पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्म्याच बैठका झाल्या आणि दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला. हेच ते ब्रेक!

पहिल्या सहा आठवड्यांत बैठका 6 वरून 15 वर गेल्या, पण मांडीचा घेर टेपवर जसाच्या तसा. मैत्रीण म्हणाली, आधी मज्जातंतू असलेला स्नायू नीट वापरायला शिकतात, स्नायू नंतर वाढतो. वजन नऊ महिन्यांत जेमतेम दीड किलो उतरलं. बारीक व्हायला कुणी घेणार असेल तर घेऊ नये.

फरक कुठे पडला? आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दळणाचा 10 किलोचा डबा तिसऱ्या मजल्यापर्यंत मध्ये कुठेही न टेकवता येतो. सिलिंडरमध्ये गॅस 14.2 किलो, पण टाकीसकट तो तीस किलोच्या आसपास जातो. तो मी अजूनही उचलत नाही, तिरका करून फिरवतेच. फक्त दुसऱ्या दिवशी कंबर धरत नाही. पाळी गेल्यावर हाडांची घनता वेगाने कमी होते आणि वजनाचे व्यायाम ती टिकवायला मदत करतात, म्हणून आता थांबायचा विचार नाही. आईलाही (वय 76) हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं करायला लावते. सुरुवातीला ती खुर्चीत अक्षरशः पडायची. आता बसते.

रविवारच्या बॅडमिंटनमध्ये स्मॅश तेवढाच पुचाट आहे. पण नेटजवळ झेपावून शटल उचलल्यावर परत उभं राहायला पूर्वी जो एक क्षण जास्त लागायचा, तो गेला. सिंहगड मार्चमध्ये सरळ उतरले, काठीशिवाय.

तक्रारीही आहेत. हातावर घट्टे पडले. पावसाळ्यात मुठीजवळचा रंग उडून गंज धरला. कोरड्या फडक्याने पुसून खोबरेल लावते. मूठ अरुंद आहे, दोन्ही हात नीट मावत नाहीत. सहाव्या महिन्यात 16 किलोची आणली. रशियात जुन्या काळी धान्य तोलायचं माप होतं 'पूड', साधारण 16.4 किलोचं, केटलबेलच्या 16, 24, 32 या मापांचं मूळ तिथे आहे. इतिहास छान, पण 12 वरून 16 म्हणजे एकदम तिसरा हिस्सा वाढ. बैठकांना चालते, डोक्यावर अजून जात नाही. मध्ये 14 ची मिळत असेल तर ती आधी घ्या.

परवा जिन्यात काकू भेटल्या. "सोडलास वाटतं व्यायाम? हल्ली काही आवाज येत नाही."