खऱ्या मीनाकामाच्या नावाखाली छापील स्टिकर

एडवर्ड मुंक या नॉर्वेजियन चित्रकाराच्या ‘द स्क्रीम’ या चित्रावर बेतलेली एक कीचेन मी चित्रकला शिकणाऱ्या भाचीसाठी ऑनलाइन मागवली. तांब्यावर काचेची पूड भट्टीत वितळवून केलेले खरे मीनाकाम, ओस्लोच्या संग्रहालयाचा परवाना आणि सोबत प्रमाणपत्र, असे जाहिरातीत स्पष्ट लिहिले होते व त्यासाठीच १,४५० रुपये घेतले गेले. प्रत्यक्षात आला तो हलक्या पत्र्यावर चिकटवलेला छापील कागद आणि त्यावर ओतलेला पारदर्शक राळेचा थर.

भिंगाखाली धरल्यावर केशरी आकाश ठिपक्याठिपक्यांचे दिसले, आणि रंगांमधल्या धातूच्या कडा म्हणून ज्या सोनेरी रेघा फोटोत चमकत होत्या, त्याही छापलेल्याच निघाल्या. भट्टीत भाजलेल्या काचेवर नख उमटत नाही. इथे ते सहज रुतले. स्वस्त कीचेनमध्ये काचेऐवजी साधा रंग भरतात आणि तसे सांगून विकण्यात काहीच गैर नाही, परंतु तिथेही तो रंग धातूच्या खोबणीत बसवलेला असतो आणि कडा बोटाला लागतात.

प्रमाणपत्राने तर कहरच केला. त्यात मूळ चित्र ‘कॅनव्हासवरील एकमेव तैलचित्र’ असल्याचे छापले आहे. वास्तविक १८९३ चे ते प्रसिद्ध चित्र पुठ्ठ्यावर रंगवलेले असून मुंकने त्याच्या आणखीही आवृत्त्या केल्या. त्यांपैकी १८९५ ची पेस्टल आवृत्ती २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १२ कोटी डॉलरला विकली गेली. शिवाय मुंक १९४४ मध्ये वारला, त्यामुळे युरोपातील ७० वर्षांची स्वामित्व हक्काची मुदत २०१४ अखेर संपली. हे चित्र आज कोणीही वापरू शकतो, तेव्हा ‘परवाना’ या शब्दापोटी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

विक्रेत्याने ‘हाताने केलेल्या वस्तूत फरक पडतोच’ असे उत्तर देऊन पैसे परत करण्यास नकार दिला. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार वस्तूचा मूळ देश आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव देणे बंधनकारक आहे. त्या पानावर दोन्ही नव्हते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, मी जाहिरातीच्या स्क्रीनशॉटसह तक्रार नोंदवली असून ती अद्याप प्रलंबित आहे. दरम्यान तीच कीचेन, त्याच फोटोसह, दुसऱ्या नावाच्या दुकानात ८९९ रुपयांना विक्रीला लागली आहे.