कोथरूडचं कान-नाक-घसा क्लिनिक: गोळ्या कमी, समजावणं जास्त

चार स्टार. पाचवा वेटिंगपायी गेला, अपॉइंटमेंट घेऊनसुद्धा ताटकळत बसवतात आणि पार्किंगचं तर नावच नको, रिक्षानेच जा.

पण डॉक्टर मॅडम एक नंबर! नवऱ्याचं सायनस जाम झालेलं, गाल ठणकतायत, खाली वाकलं की कपाळ फुटतंय, नाकातून हिरवं येतंय, आणि साहेबांना सोमवारी ऑफिसला जायचंच होतं. आत गेल्या गेल्या यानेच ऑर्डर दिली, स्ट्राँग अँटिबायोटिक द्या म्हणजे दोन दिवसांत मोकळा. मॅडमनी आधी दुर्बिणीने नाक नीट बघितलं, मग म्हणाल्या दोन दिवस विसरा. बहुतेक वेळा हे व्हायरसनेच होतं, त्याला अँटिबायोटिकचा उपयोग शून्य, आणि शेंबूड हिरवा म्हणजे बॅक्टेरियाच असंही नसतं. सात ते दहा दिवसांत उतार पडतो, पण चोंदलेलं नाक, खोकला, थकवा हे दोन-तीन आठवडेही रेंगाळू शकतं. "तेव्हा चौथ्या दिवशी औषध लागू पडत नाही म्हणून फोन करायचा नाही हं," असं वर ऐकवलंच.

आणि नुसतं धीर धरा म्हणून बोळवण नाही केली. कधी परत यायचं ते चिठ्ठीमागे मराठीत लिहून दिलं: दहा दिवसांनीही काडीचा फरक नसेल, किंवा बरं वाटून पुन्हा ताप नि दुखणं उसळलं तर. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान आखडणं असलं काही झालं तर रात्र असो की रविवार, थेट हॉस्पिटल.

स्प्रे मारायलासुद्धा शिकवलं. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, मान जरा खाली, नोझल मधल्या पडद्याकडे न धरता कानाच्या दिशेला, आणि खस्सकन ओढायचं नाही (हा इतकी वर्षं तेच करायचा). स्प्रेचा गुण यायला दिवस जातात हेही आधीच सांगितलं. मेडिकलमधून आपल्या मनाने आणतो ते नाक मोकळं करणारे ड्रॉप्स तीन ते पाच दिवसांच्या वर नकोत, नाहीतर नाक उलट जास्तच चोंदतं. मिठाच्या पाण्याने नाक धुवायला उकळून गार केलेलंच पाणी, नळाचं नाही.

सोमवारी ऑफिस बुडलं ते बुडलंच, पण चिडचिड झाली नाही, कारण काय होणार ते माहीत होतं. फॉलोअपचे वेगळे पैसे नाही घेतले. रिसेप्शनच्या ताईंनी तेवढा फोन उचलावा प्लीज.