जुनी युद्धनौका: भंगारात द्यायची, किनाऱ्यावर ठेवायची की बुडवायची?

माझा आत्येभाऊ कोकणात असतो, त्याच्या गावातल्या काही मंडळींनी डोक्यात घेतलंय की नौदलाची एखादी निवृत्त बोट सरकारकडे मागायची आणि किनाऱ्यावर आणून ठेवायची म्हणजे पर्यटक येतील. त्याने मला फोन केला कारण मी इकडे पुण्यात भोसरीला गेली २२ वर्षं लोखंडात आहे, भंगारातून प्लेटा निवडायच्या, कापायच्या, विकायच्या, हाच धंदा. म्हणाला दादा तू सांग, मागायची का? आणि मिळालीच तर ठेवायची का मुद्दाम समुद्रतळाशी बुडवायची, का कोणाला तरी कापायला देऊन नुसता नांगर आणायचा? फोनवर अर्धा तास बोललो तरी संपेना म्हणून सगळं इथे लिहून काढतोय, अजून कोणी याच विचारात असेल तर त्यालाही उपयोग होईल.

सुरुवात विमानवाहू जहाजांपासून करतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त जीव तुटला तो त्यांच्यासाठी. पहिली विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, नंतर मुंबईत तिचं तरंगतं म्युझियम झालं. मी स्वतः बघून आलोय. आत हँगरमध्ये विमानं ठेवलेली, पोरं धावतायत, आणि माझं लक्ष सगळं पत्र्याकडे, रंगावर रंग चढवलेला आणि एके ठिकाणी अंगठ्याने दाबलं तर रंगाचा पापुद्रा आत गेला, खाली लोखंड नव्हतंच म्हणा, गंजाचा भुगा होता. तेव्हाच पोटात कालवलं होतं. २०१२ मध्ये धोकादायक म्हणून लोकांना बंद केली, २०१४ मध्ये साधारण ६० कोटींना लिलावात गेली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखान्यात, जिथे जहाजं तोडतात तिथे, कापायला सुरुवात झाली.

विराटचं तर अजून वाईट वाटतं. ६ मार्च २०१७ ला निवृत्त. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या राज्य सरकारने सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ म्युझियम करायला ८५२ कोटींच्या प्रस्तावाला मंजुरी दिली, सगळे खूश झाले, पण पैसे उभे राहिले नाहीत आणि जहाज मुंबईत उभंच. शेवटी ३८.५४ कोटींना विकलं गेलं, सप्टेंबर २०२० मध्ये ओढत गुजरातमधल्या अलंगला, जहाजं तोडायच्या किनाऱ्यावर नेलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये कोर्टाने तोडणी थांबवली तोपर्यंत बरंच कापून झालेलं होतं, त्यामुळे एप्रिलमध्ये याचिकाच निकाली निघाली. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा, भंगाराचे ३८ कोटी हातात येतात आणि म्युझियमला ८५२ कोटी हातातून जातात. आणि ते ८५२ तरी फक्त उभं करायचे, पुढे दरवर्षीचं वेगळंच.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हेच की निर्णय प्रेमावर घ्यायचा नाही, लांबीवर घ्यायचा. विराट सव्वादोनशे मीटरची. कारवारला टागोर बीचवर चपळ नावाची मिसाईल बोट ठेवलीय ती जेमतेम ३९ मीटरची, १९७१ ला कराचीवर हल्ला करणाऱ्या बोटी होत्या त्याच जातीची, आणि ती एवढी वर्षं टिकून आहे कारण तिला रंग द्यायला चार माणसं आणि परांची पुरते. दिवला खुकरी नावाची युद्धनौका आणली ती मधल्या आकाराची, ३२ वर्षं सेवा करून डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये दिव प्रशासनाकडे गेली. तिथे ती शोभते पण, कारण ९ डिसेंबर १९७१ ला जुनी खुकरी त्याच बाजूच्या समुद्रात बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. जहाजाचा गावाशी असा काही संबंध असेल तर लोक जपतात, नसेल तर दोन वर्षांत सेल्फी संपतात.

आता पाण्यात ठेवायची की जमिनीवर, यात माझं मत अगदी पक्कं आहे, जमिनीवर. तरंगतं ठेवलं की दर काही वर्षांनी सुकी गोदी लागते, खालचा पत्रा मोजावा लागतो, ठिगळं लावावी लागतात, आणि हे नाही केलं तर समुद्र काही थांबत नाही. अमेरिकेत बफेलोला द सुलिव्हन्स नावाची विनाशिका म्युझियम म्हणून धक्क्याला बांधलेली होती, एप्रिल २०२२ मध्ये पत्रा फुटून जागच्या जागी कलंडून तळाला टेकली. टेक्सास नावाची १९१४ ची युद्धनौका आहे, तिला २०२२ मध्ये गोदीत नेऊन दुरुस्त करायला तिथल्या राज्याने ३.५ कोटी डॉलर मंजूर केले. आपल्या ग्रामपंचायतीचं वर्षाचं बजेट काय असतं ते आत्येभावालाच विचारलं, तो गप्प झाला.

जमिनीवरचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे विशाखापट्टणमची कुरसुरा. ही पाणबुडी १९६९ ची, फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून आरके बीचवर लोकांना बघायला खुली आहे. ९१ मीटर. समुद्रातून किनाऱ्यावरच्या शेवटच्या जागेपर्यंत ओढत आणायलाच कोट्यवधी खर्च झाला, अंतर बघाल तर एक किलोमीटरही नाही. मी बायको-मुलांना घेऊन गेलो होतो, आत शिरलं की पहिल्यांदा कळतं आपण किती जागा खातो ते. गोल दरवाज्यातून एक पाय, मग डोकं, मग दुसरा पाय, दोन्ही बाजूंना पाईप आणि चक्रं, आणि एवढ्यात ७५ माणसं राहायची. दाखवणारे काका स्वतः पाणबुडीत नोकरी केलेले, एका व्हॉल्व्हवर हात ठेवून म्हणाले हा माझा होता. माझ्या मुलीने तिथून पुढे तासभर प्रश्न विचारले. हे म्युझियम चालतं ते लोखंडामुळे नाही, त्या काकांमुळे, आणि त्यांच्या वयाचा विचार करा, म्हणजे बोट मागताना दाखवणारी माणसंही मागावी लागतात.

भंगाराची बाजू मांडायला लागलो की लोक म्हणतात तुझा धंदाच तो, पण खरंच सांगतो, मोठ्या जहाजाला नीट कापणं हाच मला सन्मान वाटतो. आधी नौदल तोफा, रडार, गुप्त यंत्रणा सगळं उतरवतं, मग सरकारी लिलाव, आहे तिथे आहे तसं. मग टगबोटीने अलंगला, तिथे खंबातच्या आखातात भरती-ओहोटीत प्रचंड फरक असतो त्यामुळे उधाणाच्या भरतीला जहाज किनाऱ्यात घुसवतात, पाणी उतरलं की ते चिखलात बसतं आणि पुढच्या बाजूने गॅस कटरने तुकडे पाडत मागे मागे जायचं. जाड प्लेटा वितळवत नाहीत, भावनगरकडच्या रीरोलिंग मिलमध्ये तापवून लाटतात आणि सळया काढतात, त्यामुळे कोळसा-वीज वाचते. तांब्याच्या केबली, पितळी व्हॉल्व्ह, जहाज ढकलणाऱ्या पंख्याचं कांसं याचा भाव वेगळा, खरा फायदा तिथेच असतो. विक्रांतचं लोखंड तर आपल्याकडेच आलं, आकुर्डीच्या बजाजने २०१६ मध्ये व्ही ही बाईक काढली त्यात ते वापरलं, माझ्या शेजारच्या गाळ्यातल्याने घेतली आणि पेट्रोल भरताना दरवेळी टाकीवर हात फिरवायचा. आणि मुंबईत लायन गेटसमोर तिच्याच धातूचं स्मारक उभं आहे, येता जाता कोणालाही दिसतं.

पण भंगारात घाणही भयंकर असते, ते लपवणार नाही. जुन्या वाफेच्या जहाजांत बॉयलरला, पाईपांना ॲस्बेस्टॉस गुंडाळलेलं, केबलींत आणि रंगात पीसीबी हे विषारी रसायन, तळाच्या रंगात कथिलाचं विष. काही वर्षांपूर्वी मी एका व्यापाऱ्याकडून जुन्या प्लेटा घेतल्या, तो म्हणाला साफ आहेत. आमच्या कटरवाल्याने दुपारभर कापल्या आणि संध्याकाळी त्याला थंडी वाजून ताप, तोंडात गोडसर धातूची चव, रात्री दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले रंगातल्या जस्ताची वाफ गेलीय छातीत. दोन दिवसांत बरा झाला पण त्याची आई माझ्याकडे बघत होती ते अजून आठवतं. तेव्हापासून कापायच्या रेषेवरचा रंग आधी खरवडल्याशिवाय आमच्याकडे फ्लेम पेटत नाही. एका प्लेटीचं हे, मग बंद डब्यात तेलाचा वास कोंडलेला असताना कापणाऱ्या पोराचं काय होत असेल. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहितीये, जहाजतोडणीचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झाला, आपला २०१९ चा कायदाही आहे, पण दोन्हींतून युद्धनौका वगळलेल्या आहेत. म्हणजे विषारी माल कुठे किती आहे त्याची यादी मागायची तर लिलावाच्या अटीतच घालून घ्यावी लागते, आणि हे म्युझियमवाल्यांनाही लागू, कारण ते ॲस्बेस्टॉस तुमच्या गावातल्या शाळेच्या सहलीच्या डोक्यावर असणार.

फ्रान्सने हे अनुभवलंय. त्यांची विमानवाहू नौका क्लेमान्सो डिसेंबर २००५ मध्ये अलंगला यायला निघाली, ॲस्बेस्टॉसवरून एवढा गदारोळ झाला की फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी परत बोलावली, शेवटी इंग्लंडमध्ये हार्टलपूलला कापली. तिची बहीण फॉश ब्राझीलकडे साओ पावलो म्हणून होती, ती तुर्कस्तानला विकली, ऑगस्ट २०२२ मध्ये तुर्कस्तानने परवानगी काढून घेतली, मग ती समुद्रात टगला बांधून भटकत राहिली, कोणी बंदरात घेईना, आणि ३ फेब्रुवारी २०२३ ला ब्राझीलने किनाऱ्यापासून ३५० किलोमीटरवर, सुमारे ५००० मीटर खोल पाण्यात ती तशीच बुडवली, सगळ्या विषासकट.

त्यामुळे बुडवणे हा पर्याय सांगताना दोन बुडवण्यांत फरक करा. साओ पावलोसारखं म्हणजे टाकून देणं. दुसरं म्हणजे अमेरिकेने ओरिस्कनी या विमानवाहू नौकेचं केलं तसं, आधी साफसफाई, मग १७ मे २००६ ला फ्लोरिडाजवळ ठरलेल्या जागी, ठरलेल्या खोलीवर, ३७ मिनिटांत तळाला, आणि आता तिथे मासे आणि डायव्हिंगवाले. आपल्याकडे गुलदार आहेच की, १९८५ ची पोलंडमध्ये बांधलेली रणगाडे उतरवणारी बोट, जानेवारी २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरला निवृत्त, २०२५ मध्ये एमटीडीसीकडे, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे आली ती निवती रॉकजवळ पाण्याखालचं म्युझियम करायला. या प्रकारात रंगाचा खर्च नाही, पत्रा गंजला तरी प्रवाळाला चालतो, आणि तारकर्लीला स्कूबाची शिकलेली माणसं तयार आहेत. तोटा एवढाच की पावसाळ्यात सगळं बंद, आणि पोहता न येणाऱ्या आजीला काहीच दिसणार नाही. एकदा बुडवली की चूक सुधारता येत नाही, हे मात्र मोठंच आहे, म्हणून साफसफाईत एक रुपयाही वाचवायचा नाही.

पाणबुडीचं भंगार वेगळं प्रकरण. आतला दाबाचा सांगाडा जाड आणि चिवट पोलादाचा, जागा अरुंद, बॅटऱ्यांमध्ये टनावारी शिसं आणि ॲसिड, म्हणजे माल चांगला पण कापायला त्रास. अणुपाणबुडीचा तर विचारच आपल्या आवाक्याबाहेर. अमेरिका रिॲक्टरचा डबा अख्खा कापून हॅनफर्ड या सरकारी अणुकचऱ्याच्या जागी खंदकात ठेवते, ब्रिटनच्या निवृत्त अणुपाणबुड्या रोसाइथ आणि डेव्हनपोर्टला अनेक दशकं नुसत्या उभ्या राहिल्या, आणि रशियाची के-१५९ तर ३० ऑगस्ट २००३ ला तोडायला ओढून नेतानाच बॅरेंट्स समुद्रात बुडाली, १० पैकी ९ माणसं गेली, इंधन अजून आतच. जुनं जहाज ओढणं हे त्या ९ जणांच्या जिवाचं काम होतं, त्यामुळे बोट फुकट मिळाली तरी टगचा आणि विम्याचा खर्च पहिल्या पानावर लिहा.

आत्येभावाला मी शेवटी असं सांगितलं. १०० मीटरच्या वरचं काही मागू नका, ते नौदलाला नीट कापायला जाऊदे आणि तुम्ही नांगर, पंखा, घंटा एवढंच मागा, चौकात बसेल आणि वर्षाला एक रंगाचा डबा पुरेल. इकडे घोरपडीला युद्धस्मारकात त्रिशूल युद्धनौकेची नुसती प्रतिकृती आहे, तरी रविवारी पोरं तिच्याभोवती फिरतात, अख्खं जहाजच लागतं असं नाही. ४० मीटरच्या आतली डिझेलवरची बोट मिळाली तर जमिनीवर ठेवा, काँक्रीटच्या पाळण्यात, खाली माणूस वाकून रंग देऊ शकेल एवढी उंच, आणि २० वर्षांच्या देखभालीचे पैसे आधी बँकेत ठेवा, तिकिटावर भरवसा नको. मधल्या आकाराची असेल तर बुडवण्याचा विचार करा, पण एमटीडीसी किंवा तसं कोणी बरोबर असेल तरच. आणि काहीही ठरवा पण सहा महिन्यांत ठरवा, विराट तीन वर्षं नुसती उभी राहिली आणि तेवढ्यात हातातून गेली.

काल रात्री त्याने जेट्टीपासून जागेपर्यंतचा रस्ता टेपने मोजून पाठवलाय. रुंदी बरी आहे, पण देवळापाशी जे वळण आहे तिथे ३९ मीटरची बोट ट्रेलरवर वळत नाही, वडाचा पार आडवा येतो आणि पार कोणी तोडू देणार नाही. त्याला म्हटलं मग वाळूवरून भरतीला आणता येते का ते बघ, उधाणाचं पाणी कुठपर्यंत येतं तिथे खुंट्या ठोकून ठेव, पुढच्या पौर्णिमेला मीच येतो.